‘टोळी’ : एका शब्दाची कथा

माणसांप्रमाणे शब्दांनाही बरेवाईट दिवस पाहावे लागतात. ‘टोळी’ हा शब्द कानी पडताच आपल्या डोळ्यांपुढे दरोडेखोर उभे राहतात. कारण ‘चोरांची टोळी पकडली’ हे वाक्य आपण वर्तमानपत्रांत वारंवार वाचतो. परंतु ही समजूत एकांगी आहे.

टोळी म्हणजे एकत्र हिंडणाऱ्यांचा, अथवा एका कामासाठी एकत्र आलेल्यांचा समूह. वानरांची टोळी असते, तशी मजुरांचीही असते. व्याकरणदृष्ट्या हे समूहवाचक नाम होय. माणसे अनेक असली, तरी आपण ‘टोळी आली’ असे एकवचनी क्रियापद योजतो. जणू अनेक हातांचा एकच देह झाला!

या शब्दाचा खरा अर्थ पाहावयाचा असेल, तर उसाच्या फडात जावे. आपल्या आळंद तालुक्यात भूसनूर येथे साखर कारखाना आहे. सोलापूरकडेही अनेक आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोडणीच्या टोळ्या गाव सोडून निघतात. मुकादम आगाऊ रक्कम देतो, तिला ‘उचल’ म्हणतात. फडात एकजण बुडाशी ऊस तोडतो, दुसरा पाचट काढून मोळी बांधतो, आणि ती मोळी डोक्यावरून गाडीपर्यंत जाते. एकाचा हात थांबला, तर सर्वांचे काम अडते.

या टोळीत माणसे मोजत नाहीत, ‘कोयते’ मोजतात. पतिपत्नींची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा मजूर म्हणजे अर्धा कोयता. हत्याराच्या नावाने माणूस ओळखणे, ही लक्षणा होय. शब्दशक्ती म्हणून ती चांगली वाटेल. परंतु या हिशेबात जोडीतील स्त्रीचे श्रम वेगळे दिसत नाहीत, हेही ध्यानात घ्यावे. शिवाय आईबापांबरोबर मुलेही फडावर जातात, आणि शाळेतील त्यांची जागा कित्येक महिने रिकामी राहते.

इंग्रजीतील ‘गँग’ या शब्दाचीही अशीच कथा आहे. त्याचा मूळ अर्थ ‘जाणे’. पुढे तो बरोबर जाणाऱ्या कामकऱ्यांना लागला आणि नंतर गुंडांनाही चिकटला. रेल्वेचा रूळ राखणारा तो ‘गँगमन’; त्याच्या दक्षतेवर हजारो प्रवाशांचे प्राण अवलंबून असत. आज त्याचे पदनाम बदलले आहे, काम तेच आहे.

शब्दाचा दुरुपयोग किती घातक होतो, हे इतिहास सांगतो. 1871 मध्ये इंग्रज सरकारने कायदा करून कित्येक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. सोलापूरला अशा लोकांना तारेच्या कुंपणात ठेवीत असत. 1952 मध्ये तो कायदा देशभर रद्द झाला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ म्हणविल्या जाऊ लागल्या. कुंपण गेले, परंतु लोकांच्या मनातील संशय एका दिवसात गेला नाही. निरपराध कुटुंबे पोट भरण्यासाठी हिंडताना दिसली, की ‘टोळी आली’ अशी हाकाटी आजही कोठे कोठे होते.

म्हणून मित्रहो, शब्द वापरण्यापूर्वी तो कोणाला लावीत आहोत, याचा क्षणभर विचार करावा. चहात साखर घालताना ती ज्या हातांनी आपल्यापर्यंत पोहोचली, त्यांच्या समूहाचेही नाव ‘टोळी’च आहे, याचे स्मरण असावे.