उधन्याच्या पोरानं पोलाद निवडावं का?

दहावीचा निकाल लागला की सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसऱ्यातल्या खानदेशी घरांत चिंता सुरू होते. मुलाला कंपनीत घालायचं म्हटलं की आईला पॉवरलूमचा खडखडाट आठवतो. वडिलांचं आयुष्य त्यातच गेलं, पोराचं जाऊ नये असं वाटणं रास्तच आहे. पण एकदा हजिऱ्याकडेही पाहा.

१९३८ साली दोन डॅनिश इंजिनिअरांनी मुंबईत सुरू केलेल्या लार्सन अँड टुब्रोचा अवजड यंत्रसामग्रीचा कारखाना तिथे आहे. न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनच्या भागीदारीत उभारलेला, मोठमोठे पोलादी भाग घडवणारा प्रकल्पही तिथलाच. फ्रान्समधल्या 'ईटर' या अणुसंमीलन प्रकल्पाच्या ३,८५० टनी क्रायोस्टॅटचे, म्हणजे अणुभट्टीभोवतीच्या निर्वात आवरणाचे, भाग हजिऱ्यातूनच गेले.

इथलं काम नुसतं घण घालण्याचं नाही. भट्टीतला रस निर्वातात ठेवून त्यातला हायड्रोजन काढतात. तो राहिला तर पोलाद थंड झाल्यावर आतून बारीक तडकतं आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून घडाईनंतर तपासणारा माणूस पृष्ठभागावर जेल लावून अल्ट्रासाऊंडचा प्रोब हळूहळू सरकवतो, नजर स्क्रीनवर. नको तिथे एक टोक वर उठलं की कित्येक आठवड्यांची मेहनत नापास होऊ शकते. तरीही, समोर साहेब उभा असला तरी, 'नापास' लिहिण्याची हिंमत लागते. माझ्या मते या धंद्यात खरी किंमत त्याच माणसाला आहे.

रस्ते सरळ आहेत. दहावीनंतर आयटीआयमध्ये फिटर, वेल्डर, टर्नर किंवा मशिनिस्ट, मग अप्रेंटिसशिप. किंवा तीन वर्षांचा डिप्लोमा आणि तिथून थेट डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला. दोन वर्षांचा ट्रेड केलेल्या आयटीआयवाल्यालाही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, ही गोष्ट पालकांना कोणी सांगत नाही. धातूशास्त्रात गोडी असेल तर बडोद्याचं सयाजीराव विद्यापीठ जवळच आहे. मुलीही या वाटेनं जाऊ शकतात. तपासणीच्या कामाला ताकद नाही, चिकाटी लागते.

एका बाबतीत मात्र सावध राहा. या तपासणीला, म्हणजे वस्तू न फोडता केलेल्या चाचणीला, एनडीटी म्हणतात; 'एनडीटी करा, नोकरी पक्की' म्हणत भरमसाट फी मागणारे क्लास बरेच आहेत. तिच्या लेव्हल टू प्रमाणपत्रासाठी कोर्सइतकाच प्रत्यक्ष कामाचा अनुभव मोजला जातो, त्यामुळे आधी काम, मग कोर्स.

रात्रपाळी आहे, उष्णता आहे, हेही मुलाला आधीच सांगा. आणि फॉर्म भरण्यापूर्वी त्याला घेऊन सरकारी आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये एक सकाळ घालवा.