सरकारी साहाय्य आणि घराण्याची आब

एनस्खेडे, नेदरलँड्स

चिरंजीव श्रीधर यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष.

तात्यांचे दिवसकार्य यथासांग पार पडल्याचे तुझ्या पत्रावरून कळले. परंतु त्यांच्या अंत्यविधीच्या खर्चासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज करणे म्हणजे हवालदाराच्या घराण्याने सरकारदारी पदर पसरणे होय, असे जे तू लिहिलेस, ते मला मुळीच पटलेले नाही. हे साहाय्य संरक्षणमंत्र्यांच्या माजी सैनिक कल्याण निधीतून मिळते, आणि त्या निधीत १९४९ पासून दर ७ डिसेंबरला पाळल्या जाणाऱ्या ध्वजदिनाच्या वर्गणीची भर पडत असते. शाळेत असताना छातीवर कागदी झेंडा टाचून तूही तीत नाणे टाकले असशील. हवालदार हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांच्या घरांसाठीच ती तजवीज असता, तिच्याकडे पाठ फिरवण्यात मला स्वाभिमानापेक्षा मिजास अधिक दिसते.

सरकारने सैनिकाचा असा भार उचलल्याचे इकडचेच उदाहरण घे. एनस्खेडेच्या पूर्वेकडच्या दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धात कामी आलेल्या राष्ट्रकुलाच्या वैमानिकांच्या कबरी आहेत. हुद्दा कोणताही असो, शिळा एकाच मापाची, आणि तिचा खर्च त्या त्या सरकारांच्या माथी. मात्र सरकारे उदार झाली तरी हिशेब सोडत नाहीत! पहिल्या महायुद्धानंतर, अशा कबरींची निगा राखणाऱ्या राष्ट्रकुलाच्या आयोगाने, आप्तांना शिळेवर स्वतःचे चार शब्द कोरावयाचे असल्यास ६६ अक्षरांची मर्यादा घालून दर अक्षरामागे साडेतीन पेन्स मागितले होते. लोकांनी ओरड केल्यावर ती रक्कम ऐच्छिक झाली. न्यूझीलंडने तर सधनाच्या मुलाला शब्द आणि निर्धनाच्या मुलाला कोरा दगड नको, म्हणून असा मजकूरच नाकारला. निर्णय न्याय्य खरा, पण एखाद्या आईच्या दृष्टीने फार रुक्ष.

इथे नेदरलँड्समध्ये तर सैनिक असो वा नसो, ज्याचा अंत्यविधी करण्यास कोणी पुढे येत नाही, त्याची व्यवस्था कायद्याने नगरपालिकेवर येते. मागाहून ती मृताच्या मालमत्तेतून किंवा आप्तांकडून खर्च वसूलही करते. ज्या आप्तांना तो झेपत नाही ते तिच्याकडेच विशेष साहाय्याचा अर्ज करतात, आणि त्यात कोणाची अब्रू गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

तेव्हा अर्ज आजींच्या नावे कर. पण त्याआधी त्यांच्या कुटुंबनिवृत्तिवेतनाचे काम मार्गी लाव, कारण अंत्यविधीचे साहाय्य एकदाच मिळते आणि चूल रोज पेटवावी लागते. तात्यांच्या डिस्चार्ज बुकात आजींचे नाव ‘सरुबाई’ आणि आधारकार्डावर ‘सरस्वती’ असल्याचे तू ओझरते लिहिले आहेस. ही बाब क्षुल्लक समजू नकोस. कारकुनाच्या लेखी त्या दोन भिन्न स्त्रिया आहेत, म्हणून दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आधी करून घे. माजी सैनिकाचे ओळखपत्र, मृत्यूचा दाखला आणि पासबुक यांच्या प्रती जोड, मूळ कागद दाखवून लगेच परत घे, आणि अर्जाची शिक्क्यासह पोच घेतल्यावाचून कचेरीची पायरी उतरू नकोस.

आजींस साष्टांग नमस्कार सांगावा. कळावे, लोभ असावा.

तुझा मामा