सातबाऱ्यावरचं प्रश्नचिन्ह



या पानावर एरवी बेणे, खोडवा आणि खतांच्या मात्रा यांचाच विषय असतो. या वेळी आम्ही कागदाविषयी लिहीत आहोत. तोही साधा कागद नव्हे, तर संगणकाच्या पडद्यावरचा. कारण एका कागदापायी आमच्या गटातील एका सभासदाची सुरू उसाची लागण अडता अडता राहिली.

हकीगत अशी. दोघा भावांची सामाईक जमीन. थोरले गावी ऊस करतात. धाकटे गिरणीत होते. वरळीच्या बी.डी.डी. चाळीत उभा जन्म काढून तिथेच वारले. त्यांचा मुलगा आता तिथल्याच नव्या इमारतीत राहतो. जुन्या १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० फुटांच्या घरात गेला, पण गावच्या उताऱ्यावर नाव आहे, म्हणून चुलत्याचे प्रत्येक काम त्याच्याकडेही येते. पीककर्जासाठी सातबारा हवा होता. तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) खेटे नकोत, म्हणून पोराने महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घेतला. उघडून पाहतो तर सहीच्या जागी पिवळे प्रश्नचिन्ह, आणि इंग्रजीत ‘व्हॅलिडिटी अननोन’. त्याला वाटले, फाइल बिघडली. पुन्हा १५ भरले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. ४५ रुपये गेले, आणि शेवटी छापून पाठवलेली प्रत कर्ज देणाऱ्या कचेरीतल्या कारकुनाने परत केली. म्हणाला, “सहीवर प्रश्न आहे म्हणजे उतारा खरा नाही.” इकडे सऱ्या पाडून तयार, बेणे ठरलेले, आणि खताला पैसे नाहीत.

आम्ही त्या सुमारास दुसऱ्या कामासाठी मुंबईत होतो. मुक्काम वरळीला त्याच पोराकडे पडला, आणि रात्री जेवणानंतर फाइल उघडून बसलो.

आता हे प्रश्नचिन्ह म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. बँकेत खाते उघडताना आपण नमुना सही देतो. नवा कारकून चेक हातात घेतो तेव्हा नमुना कार्ड काढून ताडून पाहतो. कार्ड सापडले नाही तर तो “सही खोटी” म्हणत नाही, “माझ्याकडे नमुना नाही” म्हणतो. ॲक्रोबॅट रीडर हा असाच नवा कारकून आहे. तो अमेरिकेतल्या ॲडोबी कंपनीचा. पीडीएफ हा फाइलचा प्रकारही त्याच कंपनीने १९९३ मध्ये आणला. आपल्या सरकारच्या सहीचा नमुना त्याच्या कपाटात नसेल, तर तो प्रश्नचिन्ह दाखवतो. प्रश्नचिन्ह म्हणजे ‘ओळख नाही’, ‘खोटे’ नव्हे. खोटे असेल, किंवा सहीनंतर फाइलीत कुणी एक आकडा जरी बदलला असेल, तर तांबडी फुली येते. फुली आली की तो कागद बाजूला ठेवावा, मग तो कुणीही दिलेला असो.

एक आकडा बदललेला त्याला कळतो कसा? सही करताना संगणक सगळ्या फाइलीचे गणित करून एक लांबलचक अंक काढतो आणि अधिकाऱ्याच्या गुप्त किल्लीने तो बंद करतो. आपण फाइल उघडली की रीडर तेच गणित पुन्हा करतो. ०.८० आर चे ०.९० आर केले की अंक जुळत नाही. काट्यावर भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचे वजन जुळले नाही तर पावती थांबते, तसेच. ही किल्ली अधिकाऱ्याची आहे हे कोण सांगते? परवानाधारक प्रमाणन संस्था. आणि या संस्थांना परवाना देणारा केंद्र सरकारचा नियंत्रक, म्हणजे सीसीए. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने ही सगळी साखळी उभी केली.

मग उपाय. फाइल मोबाईलवर किंवा ब्राउझरमध्ये पाहत बसू नये. ते पान दाखवतात, पण बहुतेक वेळा सही तपासतच नाहीत, आणि चित्रातले प्रश्नचिन्ह तसेच राहते. पोराचे तिन्ही वेळा हेच झाले होते. संगणकावर ॲक्रोबॅट रीडरमध्ये फाइल उघडावी. वर पिवळी पट्टी येऊन ‘एनेबल ऑल फीचर्स’ म्हणत असेल तर, फाइल आपण स्वतः सरकारी संकेतस्थळावरून घेतली असल्यासच, ते दाबावे. मग सहीवर टिचकी मारून ‘सिग्नेचर प्रॉपर्टीज’, तिथून ‘शो सायनर्स सर्टिफिकेट’. (आवृत्तीप्रमाणे नावे थोडी इकडे-तिकडे होतात.) डाव्या हाताला साखळी दिसते. घाई इथेच नडते. साखळीच्या अगदी वर ‘सीसीए इंडिया’ आणि साल असे नाव आहे का, हे आधी वाचावे. नसेल तर पुढे जाऊ नये, कारण घरबसल्या कुणीही स्वतःच्या नावाचे प्रमाणपत्र तयार करू शकतो. असेल तर तेच नाव निवडून ‘ट्रस्ट’ या भागात ‘ॲड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स’ दाबावे, ओके करावे, आणि परत येऊन ‘व्हॅलिडेट सिग्नेचर’. हिरवी खूण येते. एकदा हे केले की त्याच साखळीतले पुढचे कागद, ई-आधारसुद्धा, त्या संगणकावर आपोआप ओळखले जातात.

आमची मात्र पहिल्या झटक्यात आली नाही! पोराच्या जुन्या संगणकाची बॅटरी उतरलेली, आणि तारीख कित्येक वर्षे मागे. त्या तारखेला ते प्रमाणपत्र जन्मालाच आलेले नव्हते. तारीख दुरुस्त केली, इंटरनेट चालू आहे ना ते पाहिले, मग हिरवी खूण आली.

याच जातीची आणखी एक अडचण. शेतकरी उत्पादक कंपनी चालवणाऱ्यांना आठवत असेल, कंपनी खात्याचे जुने पीडीएफ अर्ज ब्राउझरमध्ये उघडले की नुसते ‘प्लीज वेट’ दिसायचे. तास थांबले तरी काही येत नसे. ते अर्ज फक्त ॲडोबीच्याच रीडरला कळत. आता त्या खात्याचे बहुतेक अर्ज थेट संकेतस्थळावर भरतात, पण जुने साठवलेले अर्ज उघडायचे झाले तर हे लक्षात असावे.

आणखी एक मोठी चूक आम्ही नेहमी पाहतो. फाइलीचा फोटो काढून पाठवतात, नाहीतर ‘प्रिंट टू पीडीएफ’ करून नवी फाइल करतात. दिसायला अगदी तीच, पण त्यात सही उरत नाही, सहीचे चित्र उरते. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मूळ फाइलच पाठवावी. कागदावर छापलेल्या प्रतीचेही तेच. तिची सही रीडर तपासू शकत नाही. त्यासाठी उताऱ्यावर क्यूआर कोड आणि १६ अंकी पडताळणी क्रमांक असतो. तो क्रमांक महाभूमीच्या संकेतस्थळावर घातला की उतारा खरा की खोटा ते समोरच्याला कळते. असे उतारे सरकारी, बँकेच्या व न्यायालयाच्या कामात कायदेशीर धरावेत, असे राज्य शासनाने डिसेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. कारकुनाशी वाद घालण्यापेक्षा तो क्रमांक त्याच्यासमोर घालून दाखवणे सोपे. आमच्या मते हे त्यालाच ठाऊक असायला हवे होते, पण असो.

वरळीहून पोराने मूळ फाइल पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्यांचा फोन. “अहो, इथल्या कचेरीत पुन्हा तेच प्रश्नचिन्ह! तिकडं तर हिरवं दिसलं म्हणता?” बरोबरच होते. हिरवी खूण फाइलीत जात नाही, ज्या संगणकावर ओळख करून दिली तिथेच राहते. मग फोनवरून कारकुनाला एकेक पायरी सांगितली. सीसीएचे नाव त्याने मोठ्याने वाचून दाखवले, टिचकी मारली, आणि थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, “आलं की!” त्याच आठवड्यात प्रकरण मंजूर झाले. लागण चार दिवस उशिरा झाली, पण झाली.

आपल्या गट ऑफिसातील संगणकांवर ही ओळख आम्ही करून ठेवली आहे. सभासदांनी मूळ फाइल पेनड्राइव्हवर घेऊन यावे. फोटो नको.