मातीला विचारलेला प्रश्न

उमरी हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. भोवतालचे शिवार काळ्या मातीचे. उन्हाळ्यात या मातीला हात शिरेल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात तीच माती पायाला अशी चिकटते की पाऊल उचलवत नाही.

तेथील एका शाळेत गुरुजींनी सहावीच्या वर्गाला विचारले, "पाणी लवकर कशातून झिरपते? वाळूतून की काळ्या मातीतून?" कोणी एक उत्तर दिले, कोणी दुसरे. गुरुजी म्हणाले, "मला विचारू नका, मातीलाच विचारा. मात्र डबे सारखे घ्या, माती व वाळू एकाच मापाने भरा, पाणीही सारखेच ओता. नाहीतर फरक कशामुळे पडला, ते कळणार नाही."

मुलांच्या चार तुकड्या झाल्या. तळाला भोके पाडलेल्या डब्यांत फडके अंथरून एकात वाळू व दुसऱ्यात काळी माती भरली. प्रत्येकात एक पेला पाणी ओतून पाच मिनिटांत खाली उतरलेले पाणी मोजले. वाळूतून पाणी भरभर उतरले. तीन तुकड्यांच्या मातीतून जेमतेम काही थेंब पडले; चौथ्या तुकडीच्या मातीतून मात्र अर्धा पेला पाणी उतरले.

त्या तुकडीच्या नायकाने शेजारच्या वहीत डोकावून पाहिले आणि 'अर्धा पेला' हे शब्द खोडून 'काही थेंब' असे लिहिले. गुरुजींनी ते पाहिले. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "बाळ, तू पाहिलेस काय आणि लिहिलेस काय?"

मुलगा मान खाली घालून म्हणाला, "गुरुजी, आमचेच चुकले असेल, असे वाटले."

"चुकले की वेगळे झाले, हे कसे ठरवशील?"

मुलगा डब्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "त्यांनी माती कुटून भरली. आम्ही ढेकळे तशीच भरली."

दुसऱ्या दिवशी त्याच डब्यात पुन्हा एक पेला पाणी ओतले. या वेळी थेंबच पडले. काळ्या मातीचे अतिसूक्ष्म कण पाणी शोषून फुगले होते आणि ढेकळांमधील फटी बुजल्या होत्या. एक मुलगी एकदम म्हणाली, "म्हणूनच पहिल्या पावसाचे पाणी भेगांत नाहीसे होते आणि पुढे त्याच शेतात पाणी तुंबते!"

नायकाने वहीत पुन्हा लिहिले, 'अर्धा पेला.' ते दोन शब्द खोडलेलेच राहिले असते, तर शेताचे हे गुपित वर्गाला उमगले नसते.

उत्तर आयते न देता, नेमका प्रश्न व साहित्य देऊन मुलांकडून शोध करवून घेण्याची ही पद्धत. शेजारच्या मध्य प्रदेशात, तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात, १९७२ साली १६ शाळांतून याच पद्धतीने विज्ञान शिकविण्यास प्रारंभ झाला. तो उपक्रम २००२ सालापर्यंत चालला. तेथील मुलांना परीक्षेतही पुस्तक उघडण्याची मुभा असे. कारण परीक्षा पाठांतराची नव्हे, विचाराची होती. 'सवालीराम' या काल्पनिक मित्राला पत्र लिहून ती आपल्या शंका विचारीत. त्या कार्यात सहभागी झालेल्या अरविंद गुप्ता यांनी पुढे पुण्यात टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करून असंख्य मुलांना प्रयोगाची गोडी लावली.

मुलांनो, निसर्ग आपल्या प्रश्नाला खरेच उत्तर देतो. ते जसेच्या तसे लिहून ठेवणे, हे आपले काम.

स्वाध्याय
१. गुरुजींनी सर्व मापे सारखी घेण्यास का सांगितले?
२. नायकाने वहीतील शब्द का खोडले? तुम्ही काय केले असते?
३. तुमच्या गावच्या मातीवर हा प्रयोग करा व जे दिसेल तेच लिहा.