बूट दुकानात चावत नाही, चौथ्या फेरीत चावतो : भरतीच्या पोरांना बूट विकणाऱ्यांसाठी

या आठवड्याच्या व्हिडिओत चपला-बुटांच्या दुकानावर बोललो, पण पाय मोजायचा भाग घाईत उरकला गेला. तो इथे नीट लिहितोय. व्हिडिओ बघितला नसेल तरी हे वेगळं वाचता येईल.

आपल्या जिल्ह्यात कुठल्याही तालुक्याच्या गावाला पहाटे साडेपाचला रस्त्यावर या. कळंब असो, भूम असो नाहीतर उमरगा, पोरं-पोरी पळताना दिसतातच. कुणी पोलीस भरतीसाठी, कुणी सैन्यासाठी. घरी थोडीशी कोरडवाहू जमीन, सोयाबीनच्या पैशातून घर चालतंय, आणि त्यातलेच दीड-दोन हजार काढून बाप लेकराला बूट घ्यायला तुमच्या दुकानात पाठवतो. ते लेकरू आल्याआल्या काय म्हणतं? "भाऊ, मऊ बूट दाखवा." आपण सगळ्यात मऊ गादीचा जोड काढतो, ते पायात घालून दोन पावलं टाकतं, "भारी वाटतंय" म्हणतं, बिल होतं. पाच मिनिटांचा धंदा. चूक इथेच होते, आणि ती मीही केलेली आहे.

धंद्याचं शिकवायला लागण्याआधी मी तेव्हाच्या उस्मानाबादेत एका दुकानात कामाला होतो. भूमकडच्या एका गावाहून एक पोरगा आला. त्याला आठ नंबर बसत होता, पण आठ संपला होता. मी नऊ दिला आणि वर सांगितलं, "जाड मोजा घाल, बसतोय बघ." गिऱ्हाईक सोडायचं नाही, एवढंच डोक्यात. धावण्याची चाचणी झाल्यावर तो परत आला, साधी स्लीपर घ्यायला. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं. तो मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

आता त्या पोराच्या पायाचं गणित बघू. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यात मुलांना १६०० मीटर धावणं २० गुणांचं आणि मुलींना ८०० मीटर २० गुणांचं. पूर्ण गुण हवे असतील तर मुलांनी ५ मिनिटे १० सेकंदांत आणि मुलींनी २ मिनिटे ५० सेकंदांत यायचं. पुढे वेळ वाढेल तसे गुण उतरत जातात. १६०० मीटर म्हणजे ४०० मीटरच्या मैदानाच्या चार फेऱ्या, एका फेरीला साडेसत्त्याहत्तर सेकंद. पळताना मिनिटाला १८० पावलं धरली तर सव्वापाच मिनिटांत नऊशेच्या वर पावलं पडतात. बूट पायापेक्षा मोठा असेल तर प्रत्येक पावलाला पाय आत पुढे-मागे सरकतो. पुढे गेला की नख बुटाच्या टोकावर आपटतं, मागे आला की टाच घासते. दुकानातल्या दोन पावलांत यातलं काही कळत नाही. चौथ्या फेरीत कळतं.

म्हणून माझं सरळ मत असं, की दुकानात बसून जो बूट सगळ्यात आरामाचा वाटतो तो बऱ्याचदा पळायला सगळ्यात त्रासाचा असतो. मोठा बूट सैल असतो म्हणून सुखाचा वाटतो. मग पोरगं लेस करकचून आवळतं, पायाच्या वरच्या बाजूला कळ येते, बोटांना मुंग्या येतात, आणि आत पाय सरकायचा तो सरकतोच.

बर्फावरच्या बुटांकडून काय घ्यायचं

हे मला पक्कं कुठे समजलं सांगू? स्कीइंगच्या बुटांवरून. हसू नका. गुलमर्ग-औलीला बर्फावरून घसरायचा जो खेळ असतो, त्याचा बूट बाहेरून कडक प्लास्टिकचा आणि आतून मऊ अस्तराचा असतो. खेळणारा नडगी पुढे दाबून खालची पट्टी वळवतो. पाय आत हलला तर पट्टी वेळेवर वळत नाही. तरी नवशिके लोक दुकानात जाऊन हमखास एक-दोन नंबर मोठाच बूट घेतात, कारण बरोबर मापाचा बूट पहिल्यांदा घट्ट वाटतो. हा घोळ जगभर चालतो.

तिथला जाणकार विक्रेता काय करतो? गिऱ्हाइकाला नंबर विचारत बसत नाही. पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजतो; त्या बुटांचा नंबर म्हणजेच पायाची लांबी. मग पंजाची रुंदी बघतो. मग आतलं अस्तर बाहेर काढतो, नुसत्या कडक सांगाड्यात पाय घालायला लावतो, बोटं पुढे टेकवायला सांगतो आणि टाचेमागे किती जागा राहते ते बोटांनी मोजतो. साधारण दोन बोटं राहिली तर आरामाचं माप, एक बोट राहिलं तर शर्यतीच्या कामाचं. तुला फिरायचंय का जिंकायचंय, हे तो आधी विचारतो आणि त्यावर माप ठरवतो.

आपल्याला कडक सांगाडा नाही, पण युक्ती तीच लागू पडते. पळायच्या बुटातली सुटी गादी, म्हणजे इनसोल, बाहेर काढा. जमिनीवर ठेवा आणि गिऱ्हाइकाला त्यावर उभं करा. टाच मागच्या कडेला बरोबर लावा. आता बघा. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. आणि पंजा गादीच्या कडेबाहेर सांडत असेल तर तो बूट त्या पायाला अरुंद आहे, नंबर काहीही असू द्या. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, फुकट आहे, आणि गिऱ्हाइकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. मोबाइलवर बूट मागवणाऱ्याला हे मिळत नाही.

लांबी वेगळी, रुंदी वेगळी

या धड्यातला मुख्य मुद्दा हा आहे, तेव्हा जरा थांबून वाचा.

आपल्याकडच्या पोरांचे पाय पंजात रुंद असतात. लहानपण शेतात अनवाणी नाहीतर चपलेवर गेलेलं. बोटं मोकळी पसरलेली. अनवाणी वाढलेला पाय जास्त रुंद असतो, हे भारतातल्याच लोकांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही आढळलं होतं. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ मध्ये देशात ७९ ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मशिनने मोजले. भारतीय पाय रुंद आहेत असंच त्यातून निघालं, आणि त्यावरून 'भा' नावाची आपली स्वतःची मापपद्धत सुचवली गेली. पण तुमच्या फळीवरचे जोड आज कुठल्या नंबरात आहेत? बहुतेक ब्रिटिश नंबरात, आणि एका नंबराला एकच रुंदी.

मग होतं असं की पोराचा पाय लांबीला सात, रुंदीला जास्त. सात नंबर बाजूने दाबतो. आपण म्हणतो, "आठ घाल." आठने रुंदी जेमतेम वाढते, लांबी मात्र साडेआठ मिलिमीटरने वाढते. पंजाचं दुखणं गेलं, टाच सुटली. वर आणखी एक भानगड होते. बूट जिथे वाकतो ती जागा पंजाच्या रुंद भागाखाली, चवड्याखाली यायला हवी. लांब बुटात ती पुढे सरकते. पोरगं ढकलतंय एका जागी आणि बूट वाकतोय दुसऱ्याच जागी.

उपाय मोठा नंबर नव्हे, रुंद पंजाचं मॉडेल. दोन-तीन कंपन्यांचे जोड मागवून गादीवर मापून बघा. एकाच नंबरात रुंदीचा फरक तुम्हालाच दिसेल. अर्धे नंबर मिळत असतील तर जरूर ठेवा.

मुलींचं उलटं होतं. बायकांच्या पायाची टाच पंजाच्या मानाने बारीक असते. आपण त्यांना पुरुषांच्या बुटातला लहान नंबर देतो, कारण दुकानात तेवढंच असतं. पंजा बसतो, टाच वर-खाली होते. पूर्ण सेट ठेवणं जमत नसेल तर निदान लेस बांधायला शिकवा. पळायच्या बुटाला घोट्याजवळ शेवटचं एक जादा भोक असतं, ते आपण रिकामंच सोडतो. लेस त्यातून त्याच बाजूला ओवायची, छोटा फासा तयार होतो, समोरच्या बाजूची लेस त्या फाशातून घेऊन ओढायची आणि मग गाठ. टाच मागे धरली जाते, पुढे बोटं मोकळी राहतात. कितीतरी पोरींना हे कुणी दाखवलेलंच नसतं.

मोजायची रीत थोडक्यात. भिंतीला टेकवून कागद, कागदावर मोजा घालून उभं राहायचं, दोन्ही पायांवर सारखं वजन, टाच भिंतीला. पेन्सिल सरळ उभी धरून लांब बोटाची आणि पंजाच्या दोन्ही बाजूंची खूण. दोन्ही पाय मोजायचे, कारण एक मोठा असतोच. माप मोठ्याचं घ्यायचं. काही जणांचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, तेही बघा. दिवसभर पाय सुजतो, म्हणून सकाळी आलेल्याला थोडी ढील द्या. आणि गिऱ्हाइकाला दुकानातल्या दुकानात नाही, समोरच्या रस्त्यावर पन्नास पावलं पळवा. गर्दी बघेल म्हणून लाजतात, तरी पळवा.

बूट कशाला हवाय ते विचारलंच पाहिजे

आपला जिल्हा खो-खोचा. सारिका काळे इथलीच. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या कप्तानीखाली भारतीय मुलींनी सुवर्ण मिळवलं, आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. त्यामुळे तुमच्याकडे खो-खोची पोरंही येणार. त्यांना भरतीवाल्याचा बूट देऊ नका. भरतीवाला एका दिशेने पळतो, त्याला टाचेखाली थोडी गादी चालते. खो-खोवाला बसतो, उठतो, झपकन वळतो, खांबाला धरून फिरतो. उंच मऊ सोलवर तो वळला की घोटा मुरगळायची भीती. त्याला जमिनीलगतचा, सपाट, बाजूने घट्ट बूट पाहिजे. मातीवर खेळणार की मॅटवर, हेही विचारा. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात आणि पकड दोन्हीकडे वेगळी लागते. दोन्ही पोरं दुकानात एकच वाक्य बोलतात, "स्पोर्ट शूज दाखवा."

जुना बूट बरोबर आणायला सांगा. सोल कुठे झिजलाय, आतल्या गादीवर अंगठ्याचा खड्डा कुठे पडलाय, टाचेचं अस्तर फाटलंय का, यावरून पाच मिनिटांच्या गप्पांपेक्षा जास्त कळतं.

आता पैशाचं. धरा, या मालात तुमचे साठ हजार गुंतलेत आणि जोड सरासरी बाराशेला पडतो. म्हणजे पन्नास जोड. बरेच जण आठ मॉडेल घेतात, प्रत्येकाचे सहा-सहा जोड. फळी भरलेली दिसते, पण आठ नंबर मागितला की दोनच मॉडेलमध्ये सापडतो, आणि मग माझ्यासारखा नऊ गळ्यात मारला जातो. त्यापेक्षा तीन मॉडेल घ्या, सोळा-सोळा जोड: एक साध्या पंजाचं, एक रुंद, एक मुलींचं. फळी जरा ओकीबोकी दिसेल, दिसू द्या. विकलेल्या प्रत्येक जोडाचा नंबर वहीत लिहा. सहा महिन्यांत तुमच्या गावाचे नंबर तुम्हालाच कळतील, पुढची ऑर्डर त्यावर द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडावर जीएसटी ५ टक्के झालाय. आधी हजारापर्यंत १२ आणि त्यावर १८ होता. म्हणजे दीड-दोन हजारांतला बरा बूट आता गिऱ्हाइकाच्या आवाक्यात जरा जवळ आलाय. तोच टप्पा धरा.

त्याच वहीत पोराच्या पायाचं माप आणि फोन नंबरही लिहा. पळायचा बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटरपर्यंत साथ देतो, मग गादी दबते. आठवड्याला छत्तीस-सदतीस किलोमीटर पळणाऱ्याचे महिन्याला दीडशे होतात, म्हणजे सव्वातीन ते पाच महिने. चौथ्या महिन्यात फोन करा, "दादा, बूट घेऊन ये, सोल बघू." चांगला असेल तर चांगला आहे म्हणून परत पाठवा.

एक गोष्ट मात्र तोंडातून काढू नका, की या बुटाने तुझे वीस सेकंद कमी होतील. सेकंद सरावाने कमी होतात. बुटाने फार तर सरावात खंड पडत नाही.

आणि चाचणीला चार दिवस उरलेत असा पोरगा आला तर? तो घाबरलेला असतो, पैसे हातात असतात, काहीही घेईल. त्याला नवा बूट विकू नका. नव्या जोडाला पायाशी जुळायला दोन-तीन आठवड्यांचा सराव लागतो. चार दिवसांत फोडच येतील. जुना बूट काढायला सांगा, लेस जीर्ण झाली असेल तर नवी घाला, जादा भोकातून बांधून द्या, नखं कापलीत का विचारा. गादी फारच दबली असेल तर तिच्याच जाडीची नवी टाका. एक चांगला मोज्यांचा जोड द्या आणि उद्या सकाळी तोच घालून एकदा पळून बघ म्हणा. बिल दीडशेच्या आत होईल. वहीत त्याचं माप लिहून ठेवा.