यश मिळालं, आता रितं का वाटतं?

2008 मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने दहा मीटर एअर रायफलमध्ये सुवर्णपदक जिंकलं. वैयक्तिक खेळातलं भारताचं ते पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण. देशभर पेढे वाटले गेले, पण पुढे त्यानेच सांगितलं की त्यानंतर त्याला पोकळी जाणवत होती. 23 ऑलिम्पिक सुवर्णपदकांचा मानकरी मायकेल फेल्प्स तर 2012 च्या लंडन स्पर्धेनंतर खोलीत कोंडून घेऊन बसला होता, जगणंच नकोसं झालं होतं.

आपल्याकडे असं कुणी बोललं की घरचे म्हणतात, ‘याला सुख दुखतंय!’ कृपा करून असं म्हणू नका. ध्येयाच्या मागे धावताना, मिळणार मिळणार या आशेवर मेंदूत डोपामिन या रसायनाची चलती असते. मिळाल्यावर ती ओसरते. त्यात वर्षानुवर्षांची दिनचर्या एका दिवसात संपते: पहाटेचा सराव, ठरलेलं जेवण, गुरुजींची बोलणी. त्या जागी येतात हारतुरे, सेल्फी आणि जागरणं.

गाण्याची स्पर्धा जिंकलेली एक मुलगी माझ्याकडे आली होती. कार्यक्रमावरून रात्री उशिरा परतायची, गार झालेलं जेवायची आणि पहाटेपर्यंत कॉमेंट वाचत पडायची. शंभर चांगल्या कॉमेंट सोडून नेमकी एक वाईट तिला तोंडपाठ! रियाज मात्र सुटला होता. तिच्या बाबतीत लगेच गोळ्यांची गरज दिसली नाही. मी सांगितलं, सकाळी दार लावून तासभर रियाज कर, रेकॉर्डिंग करायचं नाही. रात्री फोन आईकडे दे. तुम्हीही, नाव होण्याआधी जे काम आवडीने करत होता, त्यातलं थोडं तरी टाळ्यांविना रोज करा. सत्कारांना नाही म्हणायला शिका, आयोजक रुसले तर रुसू देत. झोपेसाठी दारूचा आधार तर मुळीच नको, तिने झोप आणखी बिघडते.

पण दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, कशातच गोडी वाटत नसेल, भूक मेली असेल, पहाटेच जाग येत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. डॉक्टरांकडे जा. थायरॉइड आणि बी-12 जीवनसत्त्वही तपासायला हवं, त्यांच्या बिघाडातही अशीच लक्षणं दिसतात. कुणाच्या मनात जीव देण्याचे विचार येत असतील तर त्या माणसाला एकटं सोडू नका आणि उद्यावर ढकलू नका. 14416 ही ‘टेलि-मानस’ची मोफत हेल्पलाइन दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलता येतं.