स्पर्धेला निघालेला संघ

श्रावण सरत येतो तेव्हा गोरेगाव तालुक्यातील धानाच्या बांध्या पाण्याने तुडुंब भरलेल्या असतात. रोवणी आटोपलेली असते आणि जी मुले आठ-पंधरा दिवस आईवडिलांबरोबर चिखलात वाकून उभी होती, ती पुन्हा वर्गात दिसू लागतात. नेमक्या याच सुमारास शाळेच्या फलकावर एक कागद लागतो. त्यावर तालुका क्रीडा स्पर्धांच्या तारखा असतात. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, धावणे, लांब उडी, गोळाफेक अशी खेळांची नावे खाली ओळीने लिहिलेली असतात. मधल्या सुट्टीत फलकापुढे एवढी दाटी होते, की मागच्यांनी पुढच्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवून वाचावे.

गोरेगाव हा गोंदिया जिल्ह्याच्या आठ तालुक्यांपैकी एक. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वी येथील मुले भंडारा जिल्ह्याची म्हणून खेळत. तालुक्याच्या स्पर्धेत जो संघ पहिला येतो त्याला जिल्ह्याच्या मैदानावर जावे लागते. तेथे आमगाव, सालेकसा, देवरी, तिरोडा, गोंदिया, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव येथील विजेते वाट पाहत असतात. तेथेही जिंकले, तर पुढे नागपूर विभाग. गडचिरोलीपासून वर्ध्यापर्यंतचे सहा जिल्हे त्यात येतात. त्यानंतर राज्य, आणि राज्यातून निवडलेल्या खेळाडूंसाठी राष्ट्रीय शालेय स्पर्धा. या राष्ट्रीय स्पर्धा भरविण्यासाठी भारतीय शालेय क्रीडा महासंघाची स्थापना १९५४ साली झाली. खेळाडूंचे वयोगट तीन : १४ वर्षांखालील, १७ वर्षांखालील आणि १९ वर्षांखालील. हे वयोगट ध्यानात ठेवा. पुढे त्यांचा संबंध येणार आहे.

आता एक लहानसे गणित करा. समजा, एका स्पर्धेत १६ संघ उतरले आहेत आणि सामने बाद पद्धतीने होणार आहेत. पहिल्या फेरीत ८ सामने, दुसरीत ४, तिसरीत २ आणि अखेरचा १. एकूण सामने १५. दर सामन्यात एक संघ हरतो आणि घरी जातो. म्हणजे १६ संघांपैकी १५ संघ हरूनच परत येणार, हे पहिली शिट्टी वाजण्यापूर्वीच ठरलेले असते. जो एक उरतो तोही वरच्या पायरीवर गेला, की पुन्हा अशाच सोळांतला एक होतो. वर्तमानपत्रात चषकासह छायाचित्र येते ते त्या एकट्याचे. बाकीचे पंधरा संघ कोणत्या गाडीने घरी गेले, गाडीत काय बोलले, दुसऱ्या दिवशी त्यांनी काय केले, हे कोणी छापत नाही. शाळेत ज्याने अनेक वर्षे काढली आहेत त्याला मात्र त्या पंधरांचाच परिचय अधिक असतो.

आमच्या भागातील शाळांना खो-खो फार मानवतो. या खेळाला जागा लागते, पण साहित्य जवळजवळ लागत नाही. दोन लाकडी खांब आणि रेषा आखायला चुना मिळाला, की झाले. मोठ्यांच्या सामन्याचे मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते. पाठलाग करणाऱ्या संघाचे नऊ खेळाडू मैदानात उतरतात. त्यांपैकी आठ जण दोन खांबांमधील सरळ पट्टीत, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात आणि नववा धावतो. पळणारे एका वेळी तिघे असतात. पळणाऱ्याला बसलेल्यांच्या मधून हवे तसे जाता येते. पाठलाग करणाऱ्याला ती मोकळीक नाही. एकदा धरलेली दिशा त्याला खांब ओलांडल्याशिवाय बदलता येत नाही. मग पलीकडच्या बाजूला निसटलेल्या गड्याला पकडायचे कसे? त्यासाठी बसलेल्या सोबत्याच्या पाठीवर थाप मारून मोठ्याने ‘खो’ म्हणायचे आणि त्याच्या जागेवर आपण बसायचे. पुढचे काम त्याचे.

मला विचाराल, तर खो-खो हा धावणाऱ्यांपेक्षा बसणाऱ्यांचा खेळ आहे. पाय आखडून, बोटे जमिनीला टेकवून, डोळे पळणाऱ्यावर आणि कान मागे लावून बसणे ही सोपी गोष्ट नव्हे. खो मिळण्यापूर्वी उठले की पंच शिट्टी वाजवतात आणि पाठलागाची दिशा उलटी करावी लागते. पकडीत आलेला गडी तेवढ्यात दूर निघून जातो. उशिरा उठले तरी तो निसटतोच. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली या खेळाचे नियम बांधण्यास आरंभ केला. पुढे १११ वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये, दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा भरली. तीत भारताच्या महिला संघाने नेपाळला ७८-४० असे आणि पुरुष संघाने नेपाळलाच ५४-३६ असे हरविले. दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे होते : प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर.

शाळेचा संघ स्पर्धेला निघतो तेव्हा गुरुजींची जी तारांबळ उडते, ती पाहण्यासारखी असते. लहान शाळेत चपळ मुले मोजकीच. त्यामुळे खो-खोत खेळणारी मुलगीच २०० मीटर धावणार असते आणि तीच रिले शर्यतीत शेवटच्या टप्प्यावर असते. मग खो-खोचा दुसरा डाव चालू असताना पलीकडून रिलेसाठी हाका सुरू होतात. ओळखपत्रे, डब्यांच्या पिशव्या, ग्लुकोजची पुडी, जखमेवर लावायचे औषध आणि कोणाच्या तरी हरवलेल्या बुटाचा जोडीदार, हे सारे एकाच पिशवीत कोंबलेले असते.

एखादा संघ राज्यापर्यंत पोहोचला तर मात्र प्रवासच एक मोठा पाठ ठरतो. गोंदियाहून महाराष्ट्र एक्स्प्रेस निघते ती राज्याच्या दुसऱ्या टोकाला, कोल्हापूरला जाते. हे अंतर १३०० किलोमीटरांहून अधिक आहे. तिरोड्याच्या धानबांध्या मागे पडतात. नागपूरची संत्री फलाटावर दिसतात. वर्धा-अकोल्याकडे काळ्या जमिनीत कपाशी उभी असते. भुसावळ-जळगावला केळीच्या बागा लागतात. आणि सातारा-सांगलीचा ऊस दिसू लागेपर्यंत एक रात्र उलटलेली असते. बोलीही गाडीबरोबर बदलत जाते. ‘हो जी’ म्हणणारी मुले फलाटावर चहा मागतात आणि चहावाला भलत्याच सुरात उत्तर देतो. ज्याने नागझिऱ्याच्या जंगलापलीकडचे जग पाहिलेले नाही, अशा मुलाला आपण एका राज्यात राहतो याचा अर्थ भूगोलाच्या पुस्तकापेक्षा त्या खिडकीतून लवकर कळतो.

या जिन्याच्या वरच्या टोकाकडे आता आणखी एक मोठी स्पर्धा आहे. २०१८ साली दिल्लीत ‘खेलो इंडिया’ या नावाने शालेय क्रीडा स्पर्धा प्रथम भरली. पुढच्या वर्षी तिचे नाव युवा क्रीडा स्पर्धा असे झाले आणि ती पुण्यात बालेवाडीच्या क्रीडानगरीत झाली. अनेक खेळांतील हजारो मुलेमुली एकाच वेळी एका ठिकाणी उतरतात, असे तिचे स्वरूप आहे. पुण्यात महाराष्ट्राने ८५ सुवर्णपदकांसह २२८ पदके मिळवून पहिला क्रमांक पटकावला. २०२० साली गुवाहाटी येथेही तो क्रमांक राखला. त्या वेळची पदके २५६. या योजनेतून निवडलेल्या गुणी खेळाडूस आठ वर्षांपर्यंत दरवर्षी पाच लाख रुपयांचे साहाय्य देण्याची तरतूद करण्यात आली. याखेरीज राज्य व राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलतीचे गुणही मिळतात.

हे सर्व उत्तमच आहे. परंतु जिथे लाभ आला तिथे मोहही आला. शालेय खेळांतील सर्वांत मोठा मोह वयाचा. १४ वर्षांखालील संघात १६ वर्षांचा मुलगा घुसवला, तर सामना निम्मा जिंकल्यासारखाच असतो. त्या वयात दोन वर्षांनी उंची, वजन आणि पल्ला यांत केवढा फरक पडतो, हे तुम्ही आपल्या थोरल्या भावाशेजारी उभे राहून पाहू शकता.

मी मुख्याध्यापक असताना घडलेली एक हकीकत सांगतो. खो-खोच्या लहान गटासाठी बारा नावांची यादी तयार झाली होती. स्पर्धेला चार दिवस राहिले असता एक गृहस्थ शाळेत आले. त्यांचा पुतण्या उत्तम खेळे. पण त्याचे वय गटाच्या मर्यादेबाहेर गेलेले. गृहस्थांनी खिशातून जन्मतारखेचा एक वेगळाच दाखला काढला व आमच्या क्रीडाशिक्षकांपुढे ठेवला.

“दोन वर्षांनं असा काय फरक पडते जी, गुरुजी? पोरगा शाळेचंच नाव काढन,” ते म्हणाले.

गुरुजींनी दाखला वाचला, घडी करून परत दिला आणि खिडकीबाहेर बोट दाखविले. “काका, यादीत बाराच नावे बसतात. तुमच्या पुतण्याला घेतले, तर तो पाण्याच्या टाकीजवळ उभा आहे ना, त्याचे नाव खोडावे लागेल. जूनपासून तो रोज सकाळी येतो आहे. मी त्याला बोलावतो. का काढले, ते तुम्हीच त्याला सांगा.”

गृहस्थांनी बाहेर पाहिले. तो मुलगा अंगाने किरकोळ होता. आपल्याविषयी काही बोलणे चालले आहे याची त्याला गंधवार्ता नव्हती. तो ओंजळीने पाणी पीत होता. गृहस्थ थोडा वेळ बसले, मग दाखला खिशात ठेवून निघून गेले. त्यांना राग आला असेल असे मला वाटले होते. दुसऱ्या दिवशी पाहतो, तो त्यांचा पुतण्या मैदानावर हजर. संघात नाव नसतानाही तो लहान मुलांच्या सरावाला रोज येऊ लागला. त्याच्यासारखा वेगवान गडी पाठीमागे लागल्यावर आमची मुले चुकवायला चांगलीच शिकली.

तालुक्याची स्पर्धा आमच्या संघाने जिंकली. जिल्ह्याला दुसऱ्याच सामन्यात तो एका गुणाने हरला. प्रतिपक्षात दोन मुले अशी होती, की त्यांच्या ओठांवर मिसरूड स्पष्ट दिसत होते. परतीच्या वाटेवर बस शांत होती. शेवटी मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, “गुरुजी, ते चौदाचे नव्हते. आपण तक्रार का नाही केली?”

प्रश्न रास्त होता, पण त्याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. आपल्याच वर्गात पाहा. एकाच महिन्यात जन्मलेल्या दोन मुलांपैकी एकाचा आवाज फुटलेला असतो आणि दुसरा अजून लहान मुलासारखा बोलतो. मुलींची उंची बहुधा मुलांच्या आधी झपाट्याने वाढू लागते. चेहऱ्यावरून वय ठरवू गेलो, तर एखाद्या प्रामाणिक मुलावर चोरीचा आळ घेतल्यासारखे होईल. म्हणून मोठ्या स्पर्धांत वयाविषयी शंका आली, की डाव्या मनगटाचे क्ष-किरण छायाचित्र काढतात. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती मऊ कूर्चेची असतात आणि वयाबरोबर एकामागून एक कठीण होऊन छायाचित्रात उमटू लागतात. हाताच्या व बोटांच्या हाडांच्या टोकाशीही वाढीची कूर्चा असते. वाढ पुरी झाली, की ती हाडात विरून जाते. या खुणा पाहून तज्ज्ञ वयाचा अंदाज बांधतात. भारतीय क्रिकेट नियामक मंडळ किशोर खेळाडूंसाठी अशी तपासणी करते. तरीदेखील तो अंदाजच. दिवस-महिना सांगणारा दाखला नव्हे. आणि तालुका-जिल्ह्याच्या मैदानावर तर दाखल्यावरच विसंबावे लागते. तो खरा लिहिणे हे त्या त्या शाळेच्या हाती.

गुरुजींनी मुलांना एवढे सगळे बसमध्ये सांगितले नाही. ते म्हणाले, “त्यांचे दाखले मी पाहिले. कागद नियमाप्रमाणे होते. मिशीवरून मी कोणाला खोटा म्हणणार नाही. मात्र दुसऱ्या डावात आपण तीनदा खो मिळण्याआधी उठलो. ते मी मोजले आहे.”

बसमध्ये कोणी काही बोलले नाही. तीनदा उठलेल्यांपैकी एक तो टाकीजवळचा मुलगा होता, हे सगळ्यांना ठाऊक होते; त्यालाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस पडून गेला होता. मी शाळेत आलो तेव्हा मैदानावर दोन खांबांमध्ये आठ मुले ओळीने बसलेली दिसली. धावणे नव्हते, पाठलाग नव्हता. नुसता बसून उठण्याचा सराव चालला होता. तो मोठा मुलगा अनवाणी पायांनी त्यांच्या मागून फिरत होता आणि मध्येच एखाद्याच्या पाठीवर थाप मारून खो देत होता. कधी तो नुसताच पाठीशी थांबे, हात उगारी आणि खो न देताच पुढे जाई. जो फसून उठे त्याला ओळीच्या टोकाला जाऊन पुन्हा बसावे लागे.